श्वास घेताना घेतलेलं माप

१४ डिसेंबर

धाकटे,

आपलं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. पण बोलणं बंद म्हणजे लिहिणंही बंद, असं काही आपल्यात ठरलं नव्हतं. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला तू ठेवून देतेस. पत्रात निदान मला माझं वाक्य पुरं करता येईल. पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या मागे लागलो होतो.

काम आहे म्हणून लिहितोय. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी आहे, कॉलेजात शिकते, गाते. मोठ्या सभागृहात कॉलेजचा गाण्याचा कार्यक्रम आहे आणि तिला एकटीनं गायला निवडलंय. बाकीच्या मुली मागे रांगेत, ही पुढे. त्यासाठी तिला एका शोरूमच्या काचेतला ड्रेस आवडला. गडद हिरवा, पायघोळ, गळा या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सरळ, बाह्या कोपरापर्यंत घट्ट, कमरेला एका बाजूला चुण्या. आत जाऊन तिनं घालून बघितला, त्यांच्याकडचं सगळ्यांत मोठं माप. पाठीची चेन अर्ध्यावर अडकली ती वरही जाईना आणि खालीही येईना. शेवटी दुकानातल्या दोघींनी ओढून तिला त्यातून बाहेर काढलं. त्यातली एक हसत म्हणाली, "तुमच्या मापाचं आमच्याकडे येतच नाही."

घरी आल्यावर मुलगी म्हणते, मी मागे रांगेतच उभी राहते. रांगेतल्या मुलींना कॉलेजकडून एकसारखे ढगळ झगे मिळणार आहेत म्हणे. पुढची जागा दुसरीला द्या, असं ती गाण्याच्या बाईंना सांगायला निघाली आहे.

त्या गिऱ्हाइकाचा जीव तुटला. मी त्याला म्हटलं, ट्रकच्या सीटपासून दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना कव्हरं शिवली मी, एका मुलीचा ड्रेस काय अवघड आहे? हुबेहूब तोच शिवून देतो.

मग मी स्वतः त्या शोरूममध्ये जाऊन ड्रेस बघून आलो. नुसता लांबून बघून काय कळणार, म्हणून उलटा केला. शिलाई ओढून बघितली, चुण्या मोजल्या, गळा विती लावून मापला. सीट तपासायची सवय, त्यामुळे दोन-तीनदा थोपटलाही असेन. दुकानातली मुलगी धावत आली. म्हणाली, "काका, पुरुषांचे कपडे वरच्या मजल्यावर." मी म्हटलं, "मी बघतोय." ती म्हणाली, "काय बघताय?" आता तिला काय सांगणार? दारातला रखवालदार मी बाहेर पडेपर्यंत माझ्या मागेच होता.

बाकी सगळं डोक्यात आहे. दोन गोष्टी अडल्यात. ती पाठीची चेन बाहेरून दिसतच नाही, ती कशी लावायची? आणि कमरेच्या चुण्या एकाच बाजूला घेतल्या तर दुसऱ्या बाजूचं कापड वर ओढलं जात नाही का? मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. चित्र काढलंय, हसू नकोस.

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. घरात हिनंच आग्रह केला म्हणून लिहिलं.

दादा


२ जानेवारी

धाकटे,

पकडला गेलो.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी दुकानात एका बसचं सीट उलटं करून बसलो होतो. हात चिकट होते, तरी तसंच फोडलं. पहिलीच ओळ, "दादा, ही मापं कुठल्याही गिऱ्हाइकाची नाहीत. हे खांदे आपल्या घरचे आहेत, मी रोज अंगावर घेऊन फिरते." वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. बसचा मालक समोर उभा होता, त्याला वाटलं मी त्याच्या सीटला हसतोय.

हो, पिटुकलीच. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती रांगत तुझ्या मशीनखाली जाऊन चिंध्या तोंडात घालायची. आता ती दारातून वाकून आत येते. नाव मात्र पिटुकलीच राहिलं, आणि मैत्रिणींसमोर आम्ही तशी हाक मारली की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. खोटं का लिहिलं ते विचारू नकोस. स्वतःच्या मुलीसाठी तुझ्याकडे काही मागायला मला जड गेलं. गिऱ्हाइकासाठी मागायला जड जात नाही.

चेन कशी लावायची ते तू चित्र काढून, पायऱ्या पाडून लिहिलंस, पोस्टाच्या पाकिटात एक जुनी चेन पण घातलीस सरावाला. मी रेक्झिनच्या तुकड्यावर दोनदा लावून बघितली. दुसऱ्यांदा जमली. आता मलाच ती कुठे आहे ते सापडत नव्हतं! खूप आभारी आहे. हे तोंडानं म्हणालो नसतो.

कापड हिनं आणलं. सुंदर आहे, मऊ, जड, अंगावर सोडलं की पाण्यासारखं खाली येतं. तू लिहिलंयस की आधी कच्चे टाके घालून अंगावर बघ, मगच टीप मार. त्याची गरज पडणार नाही. माझी नजर पक्की आहे. डोळ्यांनी माप घेऊन मी जीपचं छप्पर शिवलेलं आहे.

दुकानाबद्दल तू जे शेवटी लिहिलंस त्याला मी आज उत्तर देत नाही. तुला अर्ध्या दुकानात बायकांचे कपडे शिवायचे होते आणि मी म्हणालो, जागा नाही. जागा खरंच नव्हती. एक बसचं सीट आडवं टाकलं की मलाच भिंतीला चिकटून चालावं लागतं, हे तू येऊन बघ. त्यावर इतकी वर्षं आपण दोघं रुसून बसलो, त्याला मात्र जागा कशी पुरली कोण जाणे.

पिटुकलीला मी सांगितलं, बाईंना इतक्यात काही बोलू नकोस. ती थांबली आहे.

दादा


१९ जानेवारी

धाकटे,

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

पण आधी चांगलं सांगतो, कारण थोडा वेळ खरंच चांगलं झालं होतं. रविवारी सकाळी ड्रेस पुरा झाला. पिटुकली आतून घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली. शोरूमच्या काचेतल्या पुतळ्यानं मान खाली घालावी असा दिसत होता. एक सुरकुती नाही. हिची कामावर जायची वेळ झाली होती, चपला घातल्या होत्या, त्या काढून ही परत आत आली आणि बघतच राहिली. तुला माहीत आहे, हॉस्पिटलला उशीर झाला तर हिला जेवण जात नाही. पिटुकलीनं माझ्या गळ्यात पडायला हात वर केले तेव्हा काखेत जरा ओढल्यासारखं झालं. मी म्हटलं, नवीन आहे, वापरून सैल होईल. रेक्झिन होतं की.

मग ती म्हणाली, "बाबा, गाऊन दाखवू?" डोळे मिटले, पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला वर जायचं असतं, त्यासाठी तिनं छाती भरून श्वास घेतला, आणि फर्रकन आवाज आला. दोन्ही बाजूंनी, काखेपासून कमरेपर्यंत.

माझी टीप तुटली नाही, धाकटे. टीप जशीच्या तशी आहे. टिपेच्या शेजारचं कापड फाटलं. मी सीटला वापरतो तोच नायलॉनचा दोरा घातला होता, म्हटलं मजबूत हवं. त्या दोऱ्यानं त्या बिचाऱ्या मऊ कापडाला सुरीसारखं कापलं. आणि ताणून बसवलाही सीटसारखाच, कारण सीटवर कापड जितकं ताणाल तितकं काम चांगलं, हेच मी जन्मभर शिकलो.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती माझीच समजूत घालायला लागली. "राहू द्या बाबा, किती छान शिवला होता तुम्ही. मी मागे उभी राहते, तिथेही गायचंच असतं ना." मग ड्रेस काढून, नीट घडी घालून तिनं माझ्या मशीनवर ठेवला आणि अभ्यासाला बसली. गाण्याच्या बाईंनी म्हणे दुसऱ्या एका मुलीला तयारीत राहायला सांगितलंच आहे, पिटुकलीची कुरबुर ऐकून.

मी दोन दिवस त्या घडीकडे बघितलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू सांगितलं होतंस अंगावर घालून बघ म्हणून. ऐकलं असतं तर माझं काय जात होतं?

कापड दुकानात शिल्लक नाही, ठाण संपलं. एक चिंधी पत्रासोबत पाठवतोय. या वेळी मी कुठल्याही गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. माझ्या मुलीला पुढे उभं राहून गायचं आहे आणि माझ्यामुळे ती मागे चालली आहे. काय करू ते सांग. जसं सांगशील तसं करीन, एक शब्द बोलणार नाही.

दादा


३ फेब्रुवारी

धाकटे,

पार्सल मिळालं. सुती दोऱ्याची रिळं, बारीक सुया, आणि ते काळसर जांभळं कापड. आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं आलं. मग तुझी चिठ्ठी वाचली. "तोच हिरवा मिळाला नाही. जवळपासचा लावलास तर चूक दिसेल. वेगळाच लावलास तर हौस दिसेल." हे मी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

आणि तुझी दुसरी ओळ. "दादा, सीटला श्वास घ्यायचा नसतो. माणसाला असतो, गाणाऱ्याला तर दुप्पट." इतकी वर्षं कव्हरं शिवली, कधी डोक्यातही आलं नाही.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. पहिलं काम होतं उसवायचं. माझ्या टिपा उसवताना माझेच नाकी नऊ आले. शेवटी हिनं माझ्या हातातून ड्रेस घेतला. तुला माहीतच आहे, हिच्या हातात सुई दिली की आधी शीर शोधते, साधं बटण लावता येत नाही. पण टाके काढणं हिचं रोजचं काम! हॉस्पिटलसारखी कात्री, चिमटा घेऊन बसली, आणि एक दोरा उचलून, एक कापून, एवढ्या सफाईनं सगळे काढले की कापडाला कळलंसुद्धा नाही. वर मला म्हणते, "पेशंटची तब्येत बरी आहे, नातेवाइकांनी गर्दी करू नये."

मग फाटलेल्या कडा सरळ कापून टाकल्या. आणि तू लिहिलं होतंस की आता माप घे, पण गप्प उभी करून घेऊ नकोस. तिला गायला लाव, आणि श्वास पुरता भरलेला असेल तेव्हाचं माप धर.

ती ऐकायलाच तयार नव्हती. "बाबा, पुन्हा फाटेल, उगाच कशाला." मी म्हटलं, आत्यानं सांगितलंय. ती म्हणाली, "आत्यानं? माझ्यासाठी?" तुझी चिठ्ठी तिला वाचायला दिली. दोनदा वाचली तिनं, आणि उठून उभी राहिली.

दुकान बंद करून घेतलं, मशीन बंद, पंखा बंद. फोमच्या गठ्ठ्यांमध्ये ती उभी राहिली आणि मी तिच्या फासळ्यांभोवती टेप धरली. ती गायला लागली.

धाकटे, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मुलीचं गाणं मी कधी ऐकलेलंच नव्हतं. म्हणजे घरात ती गात असते, पण मी मशीनवर असतो आणि मशीनच्या आवाजात मला फक्त कुणीतरी गातंय एवढंच कळतं. मला वाटायचं, गाते बरी. त्या दिवशी टेप माझ्या बोटांतून सरकायला लागली. ती श्वास घेई तशी टेप लांब होई, गाई तशी हळूहळू परत येई. आणि वरच्या ओळीला टेप एवढी पुढे गेली की मला वाटलं, ही आता एवढ्या श्वासाचं करणार काय? आणि मग तिनं जो सूर लावला, तो मी सांगू शकत नाही. एवढ्याशा दुकानात तो मावत नव्हता. मी माप बघायचं विसरलो. ती डोळे उघडून म्हणाली, "घेतलं?" मी म्हटलं, "नाही, परत म्हण." तीनदा म्हणायला लावलं तिला. दुसऱ्यांदाच माप मिळालं होतं, हे तुला म्हणून सांगतो.

जांभळ्या कापडाच्या दोन लांब कळ्या काखेपासून खाली पायापर्यंत लावल्या, काखेत चौकोनी तुकड्यांचे चौबगले घातले, हात वर करता यावा म्हणून. शिलाईत भरपूर माया सोडली. कच्चे टाके घातले, अंगावर बघितलं, मग पुन्हा उसवून कमरेत थोडं आत घेतलं, मगच टीप मारली. आता तो त्या शोरूमच्या ड्रेससारखा दिसत नाही. चालताना बाजूनं जांभळं उघडतं आणि मिटतं. पिटुकली आरशासमोर उभी राहून म्हणाली, "तो काचेतला साधाच होता, नाही?"

ती बाईंना भेटून आली. पुढची जागा तिचीच आहे.

कार्यक्रम पंधरा तारखेला आहे. तुला येणं जमणार नाही, माहीत आहे, हंगाम आहे तुझा. नुसतं कळवलं.

दादा


१६ फेब्रुवारी

धाकटे,

झाला कार्यक्रम. सकाळी उठून चहाच्या आधी लिहायला बसलोय.

सभागृह भरलेलं होतं. आम्ही दोघं मधल्या रांगेत. ही सरळ कामावरून आली होती, अंगाला औषधाचा वास. पिटुकली मागच्या मुलींच्या रांगेतून पुढे चालत आली तेव्हा दिवे तिच्यावर आले आणि ते जांभळं उघडलं-मिटलं. मला गाणं सुरू होईपर्यंत फक्त शिलाया दिसत होत्या. डाव्या बाजूची कळी खाली जरा वाकडी गेली आहे, ती कुणाच्या लक्षात येईल का, एवढंच डोक्यात.

मग ती गायली. पहिली ओळ झाली. दुसरी यायच्या आधी ती थांबली, आणि मी हिचा हात असा दाबला की हिच्या बांगडीचा वळ अजून माझ्या तळव्यावर आहे. पिटुकलीनं श्वास घेतला. पुरता घेतला, दुकानात घेतला होता त्याहून मोठा. दोन्ही हात खांद्यांच्या वर गेले. कुठे काही फाटलं नाही, कुठे काही ओढलं गेलं नाही. आणि तो सूर आला. या वेळी त्याला जागा होती.

मी रडलो. ही म्हणते, आवाज काढून रडलास. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघत होता. बघू दे.

धाकटे, तुझे उपकार झाले. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. तू चार ओळींचं पत्र पाठवून गप्प बसली असतीस तरी तुला कुणी नाव ठेवलं नसतं. तू माझं खोटं ओळखून हसलीस, माझ्या अडाणीपणावर चिडली नाहीस, रांगती असताना पाहिलेल्या भाचीसाठी कापड शोधत फिरलीस. माझी मुलगी काल पुढे उभी राहिली ती तुझ्यामुळे. आणि मी तिचं गाणं ऐकलं तेही तुझ्यामुळे. दुसरं कुणी मला दुकान बंद करून उभं राहायला लावलं नसतं.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर गर्दी होती. एक बाई पिटुकलीजवळ आल्या, गाण्याचं कौतुक केलं, मग बाजूची कळी हातात घेऊन म्हणाल्या, "किती वेगळा आहे ग! कुठल्या दुकानातला?" मी शेजारीच उभा. बोटांना सुया टोचलेल्या, डोळे सुजलेले. मी आपला थोडा पुढे सरकलो, म्हटलं आता आपलं नाव निघणार. पिटुकली म्हणाली, "माझ्या आत्यानं केलाय."

मी हसून मान डोलावली. पण तू मला ओळखतेस. राग आला. चांगलाच आला. त्यानंतर आणखी दोघींनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर. "माझ्या आत्यानं." एकदा तर कुणी न विचारताच सांगितलं.

घरी चालत येताना मला राहवलं नाही. म्हटलं, "काय ग, आत्यानं पत्रं पाठवली, कापड पाठवलं, मान्य. पण टिपा मारल्या कुणी? मी काय तिथे सतरंज्या उचलायला होतो?"

ती हसली, माझा हात धरला. म्हणाली, "तुम्हीच शिवला बाबा, सगळ्यांना माहीत आहे तुम्ही माझे बाबा आहात. पण मला आत्या आहे, हे कुणाला सांगायची संधी मला आजपर्यंत कधी मिळालीच नव्हती."

मग घर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

तिला एप्रिलमध्ये सुट्टी लागते. मी तिला घेऊन तुझ्याकडे येतोय. मला दारातून परत पाठवलंस तरी चालेल. तिला मात्र घरात घे.

तुझा
दादा